खाड्यासकट टिकणारा व्यायाम : चाळिशी-पन्नाशीतल्या सीमावासीयांसाठी

नवरात्रात बेळगाव शहरात आणि आजूबाजूच्या गावांत पहाटे दुर्गामाता दौड निघते. एरवी सातपर्यंत अंथरूण न सोडणारी माणसं त्या दिवसांत अंधारात उठून, आंघोळ आटोपून, फेटा बांधून चौकात हजर असतात. त्यात पन्नाशीतले पुरुष असतात, घरचं सगळं मागे टाकून आलेल्या बायका असतात. दसरा झाला की त्यातली बरीच मंडळी पुन्हा जुन्या वेळेला उठू लागतात. उठायची ताकद त्यांच्यात होती, वेळही निघाला होता. दसऱ्यानंतर नाहीशी होते ती ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि ‘काय वो, काल दिसला नाहीसा?’ असं विचारणारं माणूस.

मध्यमवयात व्यायाम टिकत नाही याला लोक आळस म्हणतात. मला ते पटत नाही. उद्यमबागेत फाउंड्रीत पाळी करणारा कामगार, वडगावात मागावर राबणारा विणकर, खानापूर भागात भात पिकवणारा शेतकरी, निपाणीत विड्या वळणारी बाई, शाळेत शिकवून घरी येऊन परत चुलीपुढे उभी राहणारी शिक्षिका, यांना आळशी कोण म्हणेल? खरी अडचण बेत आखण्यात आहे. आपण व्यायामाचा बेत करतो तो कोरड्या, मोकळ्या, पाहुणे नसलेल्या आठवड्यासाठी, आणि आपल्याकडे असे आठवडे वर्षात फार थोडे. जूनपासून पावसाची झड, मग गणपती, नवरात्र, दिवाळी, सुगी, लग्नसराई. म्हणून बेत आखतानाच खाडे धरून चालायला हवं. पुढे जे सांगतोय ते त्या हिशेबाने.

आधी मोजमाप

सुरुवात बूट खरेदीने करू नका, मोजण्याने करा. एका वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून या गोष्टी लिहा.

कंबर : शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायचा, श्वास सहज सोडायचा आणि वाचायचं. पोट आत ओढायचं नाही. आपल्या लोकांत पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर साखर आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला धरतात. वजनाच्या काट्यापेक्षा मला हे माप जास्त खरं वाटतं.

रक्तदाब आणि साखर : तिशी ओलांडलेल्या सगळ्यांची ही तपासणी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. गावात आशाताई येतात, त्यांना विचारलं तरी दिवस कळतो.

पायांची ताकद : पाठ असलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर घडी करा. ३० सेकंदांत हाताचा आधार न घेता कितीदा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. नंतर भिंतीजवळ उभं राहून एका पायावर किती सेकंद तोल राहतो ते बघा. हे दोन आकडे दुसऱ्या कुणाशी ताडायचे नाहीत. तीन महिन्यांनी पुन्हा तुमचेच मोजायचे आहेत.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये अशी माणसं : चालताना किंवा जिना चढताना छातीत आवळल्यासारखं होणारी, थोड्या श्रमात धाप लागणारी, कधी चक्कर येऊन पडलेली, हृदयाचा त्रास झालेली, आणि रक्तदाब १८०/११० किंवा त्याच्या वर असलेली. मधुमेह असून पायाला बधिरपणा किंवा जखम असेल त्यांनीसुद्धा आधी पाय दाखवून घ्यावेत. बाकीच्यांनी दहा मिनिटं चालायला सुरुवात करायला कुणाच्या चिठ्ठीची गरज नाही.

काय आणि किती

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेला सल्ला असा आहे : प्रौढ माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम करावा. १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. तो अर्धा तास दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत झाला तरी चालतो. दहा हजार पावलांचा आकडा सगळीकडे सांगतात, तो आला १९६५ साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावावरून. तो गाठला नाही म्हणून काही बिघडत नाही.

या सल्ल्यातला पहिला भाग आपल्याकडे बऱ्यापैकी पोचलाय. बेळगावात टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर, किल्ला तलावाकाठी, कॅम्पातल्या झाडीच्या रस्त्यांवर सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ असते. दुसरा भाग मात्र राहून जातो, आणि मध्यमवयात तोच जास्त लागतो. तिशीनंतर, काहीच केलं नाही तर, दर दहा वर्षांना स्नायूंचा साधारण ३ ते ८ टक्के भाग कमी होत जातो आणि साठीनंतर तो वेग वाढतो. जेवणातली साखर शोषून घेणारं शरीरातलं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू. ते आटलं की तेवढंच जेवण जेवूनही साखर वाढते. बायकांत पाळी थांबल्यानंतरच्या काही वर्षांत हाडंही झपाट्याने ठिसूळ होतात, आणि हाडाला टिकून राहायला वजन पेलावं लागतं. नुसत्या फिरण्याने हे भागत नाही.

वेळ कशाला बांधायची

‘उद्यापासून पहाटे पाचला’ हा संकल्प बहुतेकांचा मोडतो, कारण पाचला दुसरं काही घडत नसतं ज्याला तो अडकेल. रोज न चुकता घडणारी एखादी गोष्ट शोधा आणि व्यायाम तिच्या लगेच मागे लावा. दूध तापवून झालं की. मुलाला शाळेच्या बसला सोडलं की. देवपूजा झाली की. पाळीवरून आल्यावर हातपाय धुतले की. वहीत एकच वाक्य लिहा : ‘चहाचा कप ठेवला की बूट घालणार आणि शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन येणार.’ कधी, कुठून, कुठपर्यंत, तिन्ही त्यात असू दे.

सकाळच हवी असा हट्ट नको. ज्या गल्लीत नळाला पाणी पहाटे सुटतं तिथल्या बाईला पहाट स्वतःची नसतेच. तिच्यासाठी दुपारी चार ते पाच हा वेळ कितीतरी चांगला. साखर असलेल्यांना तर जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची फेरी विशेष उपयोगी, कारण जेवणानंतर वर जाणारी साखर तिथेच थोडी आवरली जाते. पाळी बदलणाऱ्या कामगारांनी घड्याळ सोडून द्यावं आणि ‘कामाला निघायच्या आधी’ अशी खूण धरावी, मग पाळी कुठलीही असो.

सवय किती दिवसांत लागते? लोक एकवीस दिवस सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ माणसांवर एक अभ्यास झाला, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात एखादी गोष्ट आपोआप घडू लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज होता. व्यायामाला पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला. त्याच अभ्यासात दिसलं की मधे एक दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. तीन आठवड्यांत अजून जीवावर येतंय म्हणून सोडून देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पहिले पंधरा दिवस : दहा मिनिटं, जास्त नाही

आपल्या भागात हे सगळ्यात अवघड जातं, आणि त्याला एक खास कारण आहे. इथल्या पुरुषांपैकी कितीतरी जणांनी तरुणपणी तालीम केलेली असते. गावोगावी तालमी होत्या, लाल मातीत लोळलेले, जत्रेच्या फडात कुस्ती धरलेले लोक आज पन्नाशीत आहेत. कुणी फौजेत जाऊन आलेले आहेत. ‘आम्ही दोनशे जोर एका दमात मारायचो’ हे त्यांच्या डोक्यात असतं, आणि पहिल्याच दिवशी अंगही तसंच मागितलं जातं. दुसऱ्या दिवशी मांड्या आखडतात, तिसऱ्या दिवशी गुडघा सुजतो, आठवड्याने सगळं बंद. तालमीचा अभिमान असू दे, पण आकडा आजच्या शरीराचा घ्या. स्नायू दोन-चार महिन्यांत तयार होतात, सांध्यांभोवतीचे बंध आणि स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा यांना त्याहून जास्त वेळ लागतो. दम वाढला म्हणून सांधे तयार झाले असं होत नाही.

म्हणून पहिले पंधरा दिवस फक्त दहा मिनिटं चाला. अजून जोर आहे असं वाटलं तरी घरी या. या पंधरा दिवसांत वजन कमी करायचं नाही, दम वाढवायचा नाही. ठरलेल्या वेळेला दाराबाहेर पडायचं, एवढंच शिकायचं आहे.

चालणं

मध्यम जोर ओळखायची सोपी खूण : चालता चालता बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. मिनिटाला साधारण शंभर पावलं पडली की तो वेग येतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडीचे ठोके मुद्दाम कमी ठेवलेले असतात, त्यामुळे अशांनी घड्याळातल्या ठोक्यांवर जाऊ नये, बोलण्याच्या खुणेवर जावं.

रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, समोरून येणारी गाडी दिसते. चिकोडी, निपाणी, संकेश्वर भागात गाळप हंगामात ऊस भरलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून पहाटे धावतात. मागच्या ट्रॉलीला कित्येकदा दिवा नसतो आणि ऊस बाजूला लोंबत असतो. त्या महिन्यांत मुख्य रस्ता सोडून गावातली शाळेची पटांगणं धरावीत. अंगात फिकट रंगाचं काहीतरी, हातात बॅटरी आणि कुत्र्यांसाठी काठी.

कोल्हापुरी किंवा स्लिपरवर भरभर चालू नका, टाच धरते. बूट महाग नसला तरी चालेल, पण टाचेखाली मऊ आणि पुढे बोटांना जागा असलेला हवा. खरेदी संध्याकाळी करा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात आणि खरं माप तेव्हा कळतं.

ताकद : आठवड्यातून दोन दिवस, वीस मिनिटं

यासाठी जिम लागत नाही. असेल आणि आवडत असेल तर जरूर जा, पण महिन्याची फी भरली म्हणून सवय लागत नाही. घरात एक खुर्ची, एक भिंत आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन पुरे.

खुर्चीवरची बैठक. लाकडी खुर्ची घ्या, प्लास्टिकची फरशीवर सरकते. पावलं खांद्यांइतकी लांब, टाचा जमिनीला पक्क्या. ढुंगण मागे नेत, तीन अंक मोजत हळूहळू खाली या. गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत राहिले पाहिजेत, आत वळता कामा नयेत. खुर्चीला नुसतं टेकलं की उठा, उठताना तोंडाने श्वास सोडा. श्वास कोंडून जोर लावला तर रक्तदाब एकदम चढतो, आणि मध्यमवयात ही एक चूक महागात पडू शकते. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर घडी केलेली सतरंजी ठेवून उंची वाढवा. आठ वेळा जमलं तरी पुष्कळ. दोन मिनिटं थांबून परत आठ. तालमीतली टाचा उचलून खोल बसायची बैठक गुडघ्याच्या वाटीवर फार भार टाकते, पुन्हा सुरू करणाऱ्याने ती लगेच धरू नये.

भिंतीवरचे जोर. हातभर अंतरावर उभं राहून तळवे छातीच्या उंचीवर भिंतीला टेकवा. डोक्यापासून टाचेपर्यंत शरीर एका रेषेत, कमर खचू द्यायची नाही. छाती भिंतीकडे न्या, ढकलून परत या. बारा वेळा सहज जमू लागलं की भिंत सोडून स्वयंपाकघरातला ओटा धरा, मग पलंगाची कड, मग जमीन. पन्नाशीत शून्यातून जमिनीवरच्या जोरापर्यंत जायला कुणाला चार महिने लागतील, कुणाला वर्ष. घाई कशाची?

कॅन ओढणं. एक हात टेबलावर टेकवून कमरेतून वाका, पाठ सपाट. दुसऱ्या हातात भरलेला कॅन. कोपर मागे नेत कॅन बरगडीपर्यंत आणा, सावकाश खाली सोडा. दोन्ही बाजूंनी दहा-दहा. विड्या वळणाऱ्या, शिवणयंत्रावर बसणाऱ्या, संगणकावर काम करणाऱ्या सगळ्यांचे खांदे पुढे झुकलेले असतात, त्यांना याचा फार गुण येतो.

कमरेचा पूल. उताणं झोपून गुडघे दुमडा, टाचांवर भार देत कमर वर उचला, पाच अंक थांबा, खाली या. दहा वेळा. पाठदुखीवाल्यांनी यापासूनच सुरुवात करावी.

टाचा उचलणं आणि एका पायावर उभं राहणं यांना वेगळा वेळ काढू नका. दात घासताना बेसिनला हात लावून करता येतात.

सगळे प्रकार दोनदा करून बारापर्यंत आरामात जायला लागले की आकडा वाढवत बसण्यापेक्षा प्रकार थोडा अवघड करा : खुर्ची बुटकी, कॅन मोठा, ओटा खालचा. दोन ताकदीच्या दिवसांत किमान एक दिवस मोकळा ठेवा.

सूर्यनमस्काराबद्दल लोक हमखास विचारतात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तो आपल्या संस्थानातल्या शाळाशाळांत नेला आणि आपल्या पिढीपर्यंत तो शाळेच्या कवायतीतूनच पोचला. व्यायाम उत्तम आहे. फक्त दोन-तीनांपासून सुरू करा, आणि मणक्याची चकती सरकलेल्यांनी किंवा मनगटं दुखणाऱ्यांनी जाणकाराला दाखवून मगच करावा.

शेतात राबणाऱ्यांनी वेगळा व्यायाम का करावा

हा प्रश्न रास्त आहे. भात रोवताना, भांगलताना, रताळी काढताना माणूस दिवसभर राबतो, आणि ती हालचाल १५० मिनिटांच्या हिशेबात पूर्णपणे धरावी. त्या हंगामात चालायला जायची काही गरज नाही. पण शेतकामात अंग एकाच बाजूला वाकलेलं असतं. पाठ तासन्‌तास पुढे, खांदे पुढे, आणि मांड्यांना पूर्ण ताकदीने उठायचं काम कमीच. शिवाय आता नांगरट ट्रॅक्टरने, मळणी मशिनने होते. कामाचे दिवस कमी झाले आणि बसायचे वाढले. हंगाम संपून रिकामे महिने आले की अंग एकदम सैल पडतं, आणि पुढच्या हंगामात पहिल्याच आठवड्यात कंबर धरते.

म्हणून कामाच्या दिवसांत एवढंच करा : तासा-दीड तासाने बांधावर उभं राहून हात कमरेवर ठेवा आणि हळूच मागे झुका, दहा वेळा. रात्री झोपण्याआधी कमरेचा पूल. रिकाम्या महिन्यांत मात्र चालणं आणि ताकद दोन्ही नेमाने. पेरणीआधीचे सहा आठवडे नीट केलेत तर धूळवाफ (पावसाआधी कोरड्या जमिनीत केलेल्या) पेरणीपासून पुढच्या सगळ्या कामात फरक कळेल.

पावसाचे चार महिने

आपल्याकडचा पाऊस दोन सरी येऊन जाणारा नाही. बेळगावात झड लागली की दिवसचे दिवस कपडे वाळत नाहीत, आणि खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीकडे तर घराबाहेर पडणंच मुश्कील. सकाळी फिरणाऱ्यांपैकी कितीतरी जण जूनमध्ये थांबतात आणि थेट दिवाळीनंतर दिसतात. वर्षाचा तिसरा हिस्सा असा गेला तर दरवर्षी शून्यापासूनच सुरुवात होणार.

माझं मत असं की पावसाळा हा ताकदीचा हंगाम मानावा. बाहेर जाणं कमी होतंय ना, मग घरातले दोन दिवस तीन करा. दम टिकवायला घराच्या सोप्यात (पुढच्या पडवीत) जागच्या जागी गुडघे उचलत चालणं, किंवा माडीचा जिना : पाच मिनिटं वर-खाली, दोन मिनिटं थांबून पुन्हा. अंगणातल्या आणि गच्चीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तिथे नको. जोडीला वेळ तीच ठेवा. चहाचा कप ठेवला की बूट घालायचे, पाऊस असला तरी, आणि घरातच चालायचं. वेळेची खूण जिवंत राहिली की ऑक्टोबरमध्ये बाहेर पडायला नवा संकल्प करावा लागत नाही.

खाडा पडला तर

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा हिशेब ठेवतो, ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या तारखेला खाडा मांडतो. व्यायामाची खूणही त्याच कॅलेंडरवर करा, घरातल्या सगळ्यांना दिसेल अशी. चाललात तर एक रेघ, ताकदीचा व्यायाम केलात तर फुली. मोबाइलमधल्या ॲपपेक्षा मला हे बरं वाटतं, कारण घरातलं पोर येता-जाता विचारतं.

मग तीन नियम. एक, सलग दोन खाडे पडू द्यायचे नाहीत. दोन, अगदीच न जमणाऱ्या दिवसासाठी पाच मिनिटांचा छोटा खुराक ठरवून ठेवायचा : दहा खुर्चीच्या बैठका, दहा भिंतीवरचे जोर, दहा वेळा टाचा. घरात लग्न असो, गणपतीत पाहुण्यांनी घर भरलेलं असो, हे न्हाणीघरात जायच्या आधी होतं आणि त्या दिवशी रेघ मारायचा हक्क मिळतो. तीन, आठवडाभर बंद पडलं तर परतताना निम्म्याने सुरू करायचं, महिनाभर बंद पडलं तर पहिले पंधरा दिवस पुन्हा. चुकलेलं भरून काढायला एकाच दिवशी दुप्पट करणं हे दुखापतीचं एक नेहमीचं कारण आहे. ताप येऊन गेल्यावर अंग पूर्ण मोकळं होईपर्यंत थांबा. चिकुनगुन्या झाला असेल तर सांध्यांची सूज उतरल्याशिवाय बैठका नकोत.

सोबत शोधा. आपल्या दारावरून जाणारं माणूस सगळ्यात चांगलं, कारण ते हाक मारतं. मात्र सोबत्यावरच सगळं टाकू नका. तो आला नाही तर मी अर्धी फेरी तरी एकटा मारणार, हे आधीच ठरलेलं असावं.

बायकांसाठी, थोडं मोकळेपणाने

‘घरकाम करते की दिवसभर’ हे खरं आहे, पण घरकामाचा बराचसा भाग हलक्या हालचालीचा असतो. त्याने थकवा येतो, दम वाढत नाही. चाळिशीतल्या बायकांना चालण्यातली खरी अडचण वेळेची कमी आणि लोकांच्या नजरेची जास्त असते. यावर बचत गट हा मला दिसलेला सगळ्यात चांगला उपाय. आठवड्याच्या बैठकीला जमणाऱ्या दहा जणी आधी वीस मिनिटं गावाबाहेरच्या देवळापर्यंत चालून आल्या तर कुणी बोट दाखवत नाही. साडीवर चालायचं तर ती घोट्याच्या वर खोचून, खाली बूट. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही. बाळंतपणं झालेल्या अनेकींना खोकताना, हसताना, भरभर चालताना थोडी लघवी होते, आणि त्या भीतीने त्या व्यायामच सोडतात. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो तेच आवळून पाच अंक धरायचे, पाच अंक सैल सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट आणि मांड्या सैल, श्वास चालू. प्रत्यक्ष लघवी करताना हे करू नये. तीन महिने नेमाने केलं तर बऱ्याच जणींना फरक पडतो. नाही पडला तर स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, त्यावर उपचार आहेत.

कुठलं दुखणं चालेल, कुठलं नाही

नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या, दंड ठणकतात आणि दोन दिवसांत बरे होतात. ते चालेल, हलकं चालत राहा. सांध्यात एका जागी टोचणारं, सूज आणणारं, रात्री जागं करणारं दुखणं चालणार नाही. तो प्रकार थांबवा, बाकीचे चालू ठेवा. सकाळी उठल्यावर पहिल्या चार पावलांना टाच ठणकत असेल तर चालणं निम्मं करा आणि पायरीच्या कडेवर उभं राहून पोटऱ्या ताणा.

छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, अचानक धाप, यांपैकी काहीही झालं तर तिथेच बसा आणि १०८ ला फोन करा. पित्त असेल म्हणून सोडा पिऊन वाट बघू नका. बायकांना छातीत न दुखता नुसती धाप आणि विलक्षण थकवा येऊ शकतो.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गुळाचा खडा ठेवावा. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच तोंडात टाकायचा. व्यायामाआधी साखर १०० च्या खाली असेल तर काही खाऊन निघा. परत आल्यावर रोज तळव्यांकडे बघा, फोड आलाय का.

खाण्याचं एकच सांगतो. स्नायू बांधायला प्रथिनं लागतात आणि आपल्या भात-आमटीच्या ताटात ती बेताची असतात. वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण एक ग्रॅम धरा. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, वाटीभर घट्ट डाळीत जवळपास तेवढीच. मोड आलेली मटकी, शेंगदाणे, दही, मासे, जे घरात चालतं ते प्रत्येक जेवणात थोडं वाढवा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून. आणि फेरी संपल्यावर कोपऱ्यावरच्या गाड्यावर चहा-भज्यांची बैठक रोजची होऊ देऊ नका.

बारा आठवड्यांचा बेत

पहिले दोन आठवडे : रोज दहा मिनिटं चालणं, ठरलेल्या वेळेला.
तिसरा-चौथा : पंधरा मिनिटं, आणि आठवड्यात दोन दिवस फक्त खुर्चीची बैठक व भिंतीवरचे जोर, आठ-आठ.
पाचवा ते आठवा : वीस ते पंचवीस मिनिटं, मधली दहा भरभर. ताकदीचे सगळे प्रकार, आधी एकदा, मग दोनदा.
नववा ते बारावा : पाच दिवस तीस मिनिटं, दोन दिवस ताकद. एका रविवारी थोडा चढ घ्या. शहरातल्यांना येळ्ळूरचा राजहंसगड जवळ आहे, पश्चिमेकडच्यांना वैजनाथचा डोंगर. निम्म्यातून परत आलात तरी तो दिवस मोजायचा.

एखादा आठवडा जमला नाही तर पुढच्या पायरीवर जाऊ नका, तोच आठवडा परत करा. बाराचे अठरा झाले तरी चालतील.

बारा आठवड्यांनी वहीचं पहिलं पान उघडून सगळी मापं पुन्हा घ्या. बहुतेकांचा खुर्चीचा आकडा आधी वाढलेला दिसतो, कंबर नंतर हलते आणि वजन सगळ्यात शेवटी, कधी मुळीच नाही. रक्तदाब किंवा साखर उतरलेली दिसली तर गोळ्या स्वतःहून बंद करू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा, आकडे दाखवा आणि मात्रा कमी करता येईल का ते त्यांनाच ठरवू द्या.